तुटक रेषा

बहरीन, अवाली. ड्रॉइंग ऑफिसातला एसी
रात्रीही बंद करत नसत, फिल्म आकसू नये म्हणून.
आमच्यासाठी नव्हे.

एका गुरुवारी स्टोनबॅकसाहेब बुटांचा खोका घेऊन आला.
"खडपकर, तुझं अक्षर चांगलं.
आमची वंशावळ काढून दे. घरी परतलो की
भिंतीवर लावीन."
पैसे वेगळे. वहीत नोंद नको.

खोक्यात बाप्तिस्म्याचे दाखले, जहाजाची यादी,
बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेले जन्म,
आणि थडग्यांवर कागद धरून कोळशाने घासलेले ठसे.
आम्ही नाण्यांचे घ्यायचो तसे.

वंशवृक्ष म्हणतात, पण तो वाढतो खाली,
टाकीपासून निघालेल्या पाइपांसारखा.
सगळ्यात वर योहान श्टाइनबाख,
सन सतराशे अडतीस, फिलाडेल्फियाचा धक्का.
सही येत नव्हती, फुली मारली.
कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, पुढच्याने कळलं तसं,
आणि तीन कागदांत श्टाइनबाखचा स्टोनबॅक झाला.

मला हसू आलं.
माझ्या ओळखपत्रावर खदबकर आहे.
इथल्या लिपीत ड नाही, प नाही.
उद्या कुणी पणतू या नावाने मला शोधत निघाला
तर समुद्रालगतच्या त्या खडपापाशी
तो पोचायचा कसा?

योहानखाली आडवी रेघ, पलीकडे चौकोन.
चौकोनात काय? "योहानची बायको."
दोन पिढ्यांनी पुन्हा तेच. मग आणखी एकदा.
रिकाम्या चौकोनातून अकरा पोरं
शाईने खाली सोडली मी.

माझ्या आईचं नाव सुभद्रा.
सगळ्या फॉर्मवर तेच लिहीत आलो.
ते बापाने लग्नात ताटातल्या तांदळांवर
अंगठीने रेखलं होतं.
त्याआधी सोळा वर्षं ती कोण होती?
मामाला पत्र टाकलं. दीड महिन्याने उत्तर:
आम्ही तिला नुसतं बाय म्हणायचो.
मोठ्या भावाला ठाऊक असेल, पण तो गेला.

खोक्याच्या तळाशी मृत्युपत्र होतं.
योहानचा नातू, पोटॉमॅकपलीकडे व्हर्जिनियात, तंबाखूचं शेत.
घड्याळ एक. गाभण गाय एक.
डायना नावाची मुलगी, वय चौदा,
आणि पुढे तिला जे काही होईल ते.

नंतरच्या यादीत, नांगराच्या फाळाखाली:
डायनाचा मुलगा, वय सहा, रंगाने उजळ.
नाव योहान.

साहेबाला दाखवलं. तो म्हणाला, "ते सोड.
सामानाची यादी आहे ती."

रत्नागिरीच्या तंत्रशाळेत डिचोलकर मास्तर
फळ्यावर छडी आपटून सांगत:
पुढच्या भिंतीमागे लपलेली कड
म्हणजे नसलेली कड नव्हे रे गाढवांनो.
ती तुटक काढायची.
रेघ तीन मिलिमीटर, जागा एक.

खिडकीबाहेर फ्लेअर जळत होती.
०.२५ चं पेन घेतलं, हलवून पाहिलं.
नातवाच्या चौकोनापासून डायनापर्यंत,
डायनापासून छोट्या योहानपर्यंत,
रेघ, जागा, रेघ, जागा.
हात थरथरला नाही. खोटं कशाला सांगू,
नोकरीचा विचार मात्र दोनदा आला.

साहेबाने फिल्म काचेवर पसरली, खालून दिवा लावला.
बोट वरून उतरत आलं आणि अडलं.
"हे काय?"
"लपलेली कड, सर."
इंजिनियर माणूस. पुढे विचारलं नाही.

खाली कोपऱ्यात दोन चौकटी असतात.
'काढले' मध्ये मी माझं नाव घातलं होतं,
ड आणि प सकट.
'तपासले' मध्ये त्याने पेन टेकवलं
आणि तसंच ठेवलं. शाई मोहरीएवढी पसरली.
मग फिल्म गुंडाळून नळीत घातली,
दहा दिनार टेबलावर ठेवले,
खोका विसरून गेला.

शेवटची बस चुकली होती.
खोका काखेत मारून मी कॅम्पपर्यंत चालत आलो,
वाटेत फ्लेअरचा उजेड होता.